आमच्यातले न मानणारे

काका पहिल्यांदा आमच्या शारजाच्या रोल्ला भागातल्या फ्लॅटवर आले ते एका शुक्रवारी दुपारी. एका हातात दोन नारळ, दुसऱ्या हातात माझ्या वडिलांची चिठ्ठी. चिठ्ठीत एवढंच होतं: 'हे आपल्या गावचे. दुबईत सोनापूरच्या कामगारांच्या कॅम्पात राहतात, गॅरेजमध्ये वेल्डर आहेत. देवभोळे आहेत, पण माणूस सरळ आहे. शुक्रवारी जेवायला घालत जा.'

त्या 'पण'मध्ये माझे वडील पुरते आले.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. गावात आम्हाला शनिवारतेली म्हणत, कारण आमच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असायचे. घरात मराठी, आडनावाच्या शेवटी 'कर', आणि सिनेगॉगला आमची जुनी माणसं 'मशीद' म्हणायची. माझे वडील तालुक्याच्या शाळेत हेडमास्तर होते आणि पक्के नास्तिक होते. आमच्यात उपासाचा मोठा दिवस असतो, त्याला दारफाळणीचा सण म्हणतात. त्या दिवशी सगळी घरं दारं लावून घेतात, पांढरे कपडे घालतात, दिवसभर अन्नपाणी घेत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. आमच्या आळीतलं फक्त आमचं दार त्या दिवशी सताड उघडं असायचं. वडील ओट्यावर खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसायचे, आणि दुपारी सगळ्यांना दिसेल असं जेवायचे. आई आत, दार लावून, उपाशी. मी लहानपणी त्या दोघांच्या मधल्या खोलीत असायची.

शारजात आलो तेव्हा यातलं काहीच कोणाला सांगायची गरज पडली नाही. माझा नवरा एका कंत्राटी कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर होता, मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायची. आमची बायबलमधली नावं ऐकून लोक आम्हाला ख्रिश्चन समजायचे. नवऱ्याने पहिल्या दिवसापासून प्रत्येक फॉर्मवर धर्माच्या रकान्यात 'ख्रिश्चन' लिहिलं होतं. व्हिसावर, मेडिकलला, मुलीच्या शाळेत.

"सोपं पडतं," तो म्हणायचा. "आणि तू तर काही मानतच नाहीस. मग तिथे काय लिहिलंय याने तुला काय फरक पडतो?"

या प्रश्नाला माझ्याकडे बरीच वर्षं उत्तर नव्हतं. त्याची भीती खोटी होती असंही मी म्हणणार नाही. तिथे 'यहुदी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नकाशे आणि लढाया यायच्या. माझ्या ऑफिसात पॅलेस्टाईनची अशी माणसं होती ज्यांच्याकडे घराच्या किल्ल्या होत्या आणि घरं नव्हती. त्यांच्या रागाला कारण होतं. माझ्या आजोबांच्या घाण्याचा त्या लढायांशी काही संबंध नव्हता, पण हे कोणाला, कुठून सुरू करून समजावायचं? म्हणून मीही गप्प बसले.

काका येऊ लागले आणि गप्प बसणं अवघड झालं.

ते पन्नाशी ओलांडलेले, बारीक, काळेसावळे. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी हातांवर पांढरे ठिपके पडलेले. आमच्याकडे जेवून झालं की संध्याकाळ व्हायच्या आत त्यांना कॅम्पात परतायचं असायचं. तिथे ते आपल्या खाटेशेजारी काचेच्या ग्लासात पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात, असा शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या आमच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावायचे. खोलीत आठ जण, बहुतेक रत्नागिरीकडचे. दिवा बघून अर्धे त्यांना हिंदू समजायचे आणि गावच्या 'मशिदी'च्या गोष्टी ऐकून उरलेले मुसलमान. काका कोणालाच काही सांगायचे नाहीत.

त्यांचं एकच दुःख होतं. गल्फात सुट्टी शुक्रवारी. शनिवारी गॅरेज सुरू. शनिवारी काम न करणाऱ्यांचा हा वंशज अकरा वर्षं दर शनिवारी वेल्डिंग करत होता.

मी एकदा चेष्टेने म्हटलं, "म्हणजे काका, शब्बाथ तुम्हीही मोडताच. मग माझ्यात आणि तुमच्यात फरक काय?"

ते रागावले नाहीत. "मी मोडतो ते त्याला सांगून मोडतो," म्हणाले. "तू न सांगता मोडतेस."

एके दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. "पोरीला शमा, आपली रोजची प्रार्थना, तरी शिकवू दे. आणखी दोन प्रार्थना, हिब्रू अक्षरं थोडी. पुढे तिला कळायला नको का आपण कोण ते?"

मला न विचारता नवरा लगेच हो म्हणाला. मला ते लागलं. मी म्हटलं, "काका, शिकवा. पण एक तास तुमचा आणि एक तास माझा. तुम्ही जे शिकवाल त्याच्यावर ज्यांनी शंका घेतली, ते आपल्यातलेच होते. त्यांचीही ओळख तिला होऊ दे."

"आपल्यातले कुठले? आपल्यात तुझा बाप सोडला तर कोण आहे तसा?"

"तेच शिकवणार आहे."

खरं सांगायचं तर मला फार काही येत नव्हतं. मी वडिलांना पत्र लिहिलं. त्यांनी फुलस्केपवर, शाळेतल्या वहीसारखा समास सोडून, आमच्यातल्या न मानणाऱ्यांचा इतिहास लिहून पाठवायला सुरुवात केली. दर पंधरा दिवसांनी एक पाकीट. नवरा म्हणायचा, पोस्टात उघडून बघतात. मी म्हणायची, बघू देत, मराठी कोण वाचणार.

तर शुक्रवारी जेवण झालं की काका मुलीला अक्षरं शिकवायचे. नवरा उठून पडदे ओढायचा. आणि मग माझा तास. काका निघून जातील असं मला वाटलं होतं, पण ते जायचे नाहीत. दिवाणावर पाय वर घेऊन ऐकत बसायचे आणि मध्ये मध्ये बोलायचे.

पहिली गोष्ट जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या पंडिताची. धर्मग्रंथात दोन आज्ञा अशा आहेत की ज्या पाळल्या तर दीर्घायुष्य मिळतं: आईबापांचं ऐकावं, आणि घरट्यातून काही घ्यायचं तर आधी पक्षिणीला उडवून लावावं. या पंडिताने बघितलं, की एक मुलगा बापाच्या सांगण्यावरून झाडावर चढला, पक्षिणीला उडवलं, आणि उतरताना पडून मेला. दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळून मेला. पंडित म्हणाला, मग न्याय करणारा कोणी नाही. त्या दिवसापासून बाकीचे त्याचं नावही घेईनात. त्याला 'तो दुसरा' म्हणायला लागले.

"आणि त्याला मारला?" मुलीने विचारलं. ती मराठी सगळी समजायची, पण उत्तरं इंग्रजीतच द्यायची. त्या दिवशी मात्र मराठीत विचारलं.

"नाही. त्याचा एक शिष्य होता, तो पूर्ण मानणारा. तो तरीही त्याच्याकडे शिकत राहिला. एकदा शब्बाथच्या दिवशी गुरू घोड्यावरून चालला होता, जे आपल्यात चालत नाही, आणि शिष्य मागून पायी, धडे ऐकत. शब्बाथला ठरावीक अंतरापलीकडे जायचं नसतं. एका जागी गुरू थांबला आणि म्हणाला, तू आता परत फिर. मी घोड्याची पावलं मोजतोय, तुझी हद्द इथे संपते."

काकांनी दिवाणावरून पाय खाली घेतले. मग म्हणाले, "न मानणारा होता तर मोजत कशाला होता?"

"शिष्यासाठी," मी म्हटलं.

पुढच्या तासांना सतराव्या शतकातला, ॲमस्टरडॅमचा भिंगं घासणारा तत्त्वज्ञ आला. तेविसाव्या वर्षी त्याच्या विचारांसाठी त्याला समाजातून शाप देऊन बाहेर काढलं. कोणी त्याच्याशी बोलू नये, त्याच्या चार हातांच्या आत उभं राहू नये. वडिलांनी या पत्रात एक वाक्य लाल शाईने लिहिलं होतं: 'लक्षात ठेव, त्याला हाकलला, तरी तो दुसऱ्या कुठल्याही धर्मात गेला नाही. त्या काळी हे कोणाला सुचतही नव्हतं.' नंतर जर्मनीतले लोक आले, ज्यांनी प्रार्थनेच्या हिब्रू भाषेत गणित आणि तारे आणि इतिहास लिहायला घेतला. मग पोलंड-रशियाकडचे शिंपी, चांभार, छापखान्यातले कामगार. ते आपल्या बोलीभाषेत गाणी म्हणायचे, संप करायचे, आणि त्यांच्यातले काही जण आमच्या दारफाळणीच्याच दिवशी हॉल भाड्याने घेऊन सगळ्यांसमोर जेवायचे आणि नाचायचे. देव मानत नव्हते, पण आम्ही ज्यूच, असं ठणकावून सांगायचे.

"आजोबांसारखे," मुलगी म्हणाली.

मला त्या क्षणी नवऱ्याच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. माझं न मानणंसुद्धा कुठून तरी आलेलं होतं. ते मला वारशाने मिळालं होतं. 'ख्रिश्चन' लिहून मी काकांचा देव लपवत नव्हते, माझ्या वडिलांचं उघडं दार लपवत होते.

मुलगी पाचवीत असताना व्हायचं ते झालं. मॉरल सायन्सच्या नव्या टीचरने मुलांना 'माय फॅमिली फेस्टिव्हल' असा चार्ट करून आणायला सांगितला. मुलीने आम्हाला न दाखवता केला. चार्टवर एक गल्ली होती, सगळी दारं बंद, आणि एका उघड्या दारात खुर्चीवर एक म्हातारा, हातात पुस्तक. खाली तिच्या गोल अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, की आम्ही ज्यू आहोत, आमच्या सणाला सगळे दार बंद करतात, माझे आजोबा उघडतात, आणि माझी आई देव मानत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला. आम्ही दोघं अर्धी सुट्टी टाकून गेलो.

शाळेच्या सुपरवायझर मॅडम मुंबईच्या होत्या, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलायच्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आधी दार लावून घेतलं, मग टेबलावरचा गुंडाळलेला चार्ट आमच्याकडे सरकवला.

"मैंने किसी को दिखाया नहीं," त्या म्हणाल्या. "दीवार पे लगने से पहले निकाल लिया. फाइल में तो आप लोग ख्रिश्चन हैं. बस एक लाइन लिख दीजिए, बच्ची को गलतफहमी हुई. मामला खलास."

नवऱ्याने खिशातून पेन काढलं. तो लिहायला लागला होता. मी त्याचा हात धरला.

"गैरसमज मुलीचा झालेला नाही," मी म्हटलं. "फाइल चुकीची आहे. मला अॅडमिशनचा फॉर्म द्या."

"अगं, वेडी झालीस का?" नवरा मराठीत म्हणाला. "व्हिसा माझ्या नावावर आहे. उद्या कोणी विचारलं तर तिघांना पॅकिंग करावं लागेल."

"करू."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "आप तो मानती ही नहीं हैं. चार्ट पे लिखा है. तो फिर 'नन', मतलब कोई धर्म नहीं, लिख दूँ?"

"नाही. ज्यू लिहायचंय."

"पर क्यों?"

मला त्यांना वडिलांची सगळी पत्रं सांगता आली नसती. मी म्हटलं, "मॅडम, मेरा ना मानना भी वहीं से आया है. मैं भगवान को छोड़ सकती हूँ, झूठ लिख के अपने लोगों को नहीं छोड़ूँगी. और मेरी लड़की ने सच लिखा है. उसको मैं ये नहीं सिखाऊँगी कि सच लिखने के बाद माफी माँगते हैं."

त्यांनी फॉर्म काढून दिला. मी 'ख्रिश्चन'वर एक रेघ मारली, शेजारी 'ज्यू' लिहिलं आणि खाली सही केली. दोन पालकांच्या सह्या लागायच्या. नवऱ्याने पेनाला टोपण लावलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला. माझ्या एकटीच्या सहीवर तो कागद फाइलला लागला. चार्ट मी मागून घेतला आणि घरी नेऊन हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, चिकटवला.

नवरा माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. बेल वाजली की दचकायचा. मीही घाबरले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. ऑफिसात फोन वाजला की माझी रेघ वाकडी जायची. पण कोणी आलं नाही. कोणी विचारलं नाही. एवढंच झालं, की चार्ट वर्गात आधीच पाहिलेल्या मुलीच्या दोन मैत्रिणींनी तिच्याशेजारी बसणं सोडलं आणि एकीने दुसऱ्या आठवड्यात परत सुरू केलं.

काका रागावतील ही मला अपेक्षा नव्हती. शुक्रवारी आले, शाळेतलं सगळं ऐकलं आणि टीव्हीच्या वरचा चार्ट उभ्यानेच बघितला. मुलीने त्यांना खालचं इंग्रजी, शेवटच्या ओळीसकट, मराठीत सांगितलं.

"ज्यू लिहिलंस ते बरं केलंस," ते मला म्हणाले. "पण देव नाही हे पोरीच्या हाताने चारचौघांत लिहवलंस? लोकांना आपल्याबद्दल एकच गोष्ट कळली, आणि ती ही?"

"मी लिहवलं नाही. तिने लिहिलं. आणि खरं आहे ते लिहिलं."

"खरं तुझं. माझं नाही. माझं कुठे लिहिलंय त्यात?"

"तुमचं तुम्ही सांगा की, काका. बारा वर्षं झाली कॅम्पात. एकाला तरी सांगितलंत का तुम्ही कोण ते?"

हे मी बोलायला नको होतं, किंवा जरा हळू बोलायला हवं होतं. काकांनी चपला घातल्या. वाढलेलं ताट तसंच राहिलं.

तीन शुक्रवार ते आले नाहीत. चौथ्या शुक्रवारी नवराच म्हणाला, "मी जाऊन बघून येऊ का?" पण त्याच्या आधी बेल वाजली. काका दारात उभे, हातात नेहमीसारखे नारळ.

"सांगितलं," आत येत ते म्हणाले.

"कोणाला?"

"खोलीत. सगळ्यांना. दिवा लावला आणि म्हटलं, मी हिंदू नाही, मुसलमान नाही, मी ज्यू आहे. घाम फुटला होता मला. म्हटलं आता हे खाट बाहेर टाकणार."

"मग?"

काका खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर अजून आश्चर्य होतं. "तो चिपळूणचा प्लास्टरवाला आहे ना, तो म्हणतो, म्हणजे शनिवारतेली ना? मग आधी नाही का सांगायचं. आमच्या खालच्या आळीत दोन घरं होती तुमची, आता इस्राएलला गेली. आणि परत पत्ते पिसायला लागला."

नवरा हसायला लागला. कितीतरी दिवसांनी तो आमच्यासमोर मोठ्याने हसला. त्या दिवशी मुलीची शिकवणी सुरू झाली तेव्हा तो पडदे ओढायला उठला नाही.

शिकवणी आणखी तीन वर्षं चालली. काकांनी माझं काही मानलं नाही आणि मी त्यांचं. मुलगी दोन्ही तासांना भांडायची. मग काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, वेल्डिंग जमेना, आणि कंपनीने त्यांना घरी पाठवलं. एअरपोर्टवर त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद म्हटला. माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, थांबले आणि विचारलं, "चालेल?" मी म्हटलं, "हात चालेल, काका. शब्द मनात म्हणा." ते मोठ्यानेच म्हणाले.

गावी गेल्यावर तीन वर्षांनी ते वारले. त्यांच्या मुली लग्न होऊन परदेशी, जवळ कोणी नाही. आमच्यात मेलेल्यासाठी जी प्रार्थना म्हणतात तिला दहा पुरुष लागतात. गावात आमची घरं उरली होती पाच. शेजारच्या गावांतून बोलावून, हातातली कामं टाकायला लावून, नऊ जमले. मग कोणीतरी माझ्या वडिलांच्या ओट्यापाशी आलं.

वडील तेव्हा ऐंशीला आले होते. चाळीस वर्षांत सिनेगॉगची पायरी चढले नव्हते. त्यांनी मला फोनवर सांगितलं. मुलगी शेजारी होती म्हणून मी स्पीकर लावला होता.

"गेलो," वडील म्हणाले. "दहावा मीच होतो."

"तुम्ही म्हटलंत प्रार्थना?"

"छे. उभा राहिलो फक्त. प्रार्थना सांगणारा हझान म्हणाला, मास्तर, आमेन तरी म्हणा. मी म्हटलं, माझ्याकडून हजेरी मिळेल, आमेन मिळणार नाही. तो काय करणार, मोजून दहाच होते. तसंच उरकलं त्याने."

"मग गेलात कशाला, बाबा? नाही म्हणता आलं असतं."

"गेलेल्याला हवं होतं म्हणून. माझ्या न मानण्याचा त्यात काय संबंध? मी नास्तिक आहे, गैरहजर नाही."

मुलगी सोळा वर्षांची होती. ती इतका वेळ ऐकत होती. आता फोनजवळ वाकली आणि मराठीतच विचारलं, "आजोबा, आजी होती ना घरी? ती तर सगळं मानते. मग तिला दहावी का नाही घेतली? तुम्ही मानत नाही तरी तुम्ही चालता?"

वडिलांचा हेडमास्तरी आवाज उतरला.

"त्यांच्या मोजणीत बायका धरत नाहीत, बाळ," ते म्हणाले.

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"नाही सुचलं."

"मी असते तर काकांसाठी उभी राहिले असते," ती म्हणाली. "मला सगळी प्रार्थना येते. त्यांनीच शिकवलीय."

फोन ठेवल्यावर ती आपल्या खोलीत गेली आणि फुलस्केप घेऊन बसली. गावच्या सिनेगॉगच्या विश्वस्तांना पत्र लिहिलं, मराठीत, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मी वाचायला मागितलं तर म्हणाली, चुका काढायच्या नाहीत. तिने विचारलं होतं, की दहा जण मोजताना माझी आजी का चालत नाही, आणि मी का चालत नाही, आणि हे कोणी आणि कधी ठरवलं ते मला लेखी कळवावं. नवऱ्याने पत्र वाचलं, पाकिटावर आमचा पीओ बॉक्सचा पत्ता लिहिला आणि ऑफिसला जाताना स्वतः पोस्टात टाकलं.

उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी तिने दुसरं पत्र लिहिलं.